टँकरपासून महापालिकेच्या नळापर्यंत: पुण्याच्या समाविष्ट गावांतील सोसायट्यांसाठी

पुणे महापालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावे आली आणि ३० जून २०२१ रोजी आणखी तेवीस. पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. उरलेली बत्तीस गावे महापालिकेतच आहेत. हद्द एका अधिसूचनेने वाढली, पण जलवाहिनी तशी वाढत नाही. वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, पिसोळी, मांजरी बुद्रुक अशा भागांतल्या कित्येक सोसायट्यांत पाणी टँकरने येते, टँकरचे पैसे मेंटेनन्समधून जातात आणि मिळकतकराचे बिल मात्र महापालिकेच्या शिक्क्यानिशी वेळेवर येते.

बहुतेक सोसायट्या आधी मोर्चा काढतात आणि कागद नंतर गोळा करतात. क्रम उलटा हवा. पहिली लढाई बिल्डरशी असते. इमारतीची परवानगी मिळवताना त्याने पाण्याची हमी दिलेली असू शकते आणि त्या हमीचा जोर काळाबरोबर कमी होत जातो. दुसरी लढाई महापालिकेच्या अंदाजपत्रकाशी. ती लांब चालते आणि तिच्या तारखा ठरलेल्या असतात. दोन्हींना लागणारा मालमसाला एकच आहे: परवानगीची कागदपत्रे, पाण्याचा हिशेब आणि टँकरचे रजिस्टर.

परवानगी कोणी दिली होती?

एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांच्या फाइली दोन वेगळ्या कार्यालयांत असू शकतात. पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) स्थापना ३१ मार्च २०१५ ची. त्याआधीच्या इमारतींच्या परवानग्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडून, त्यानंतरच्या पीएमआरडीएकडून. २०१७ च्या अकरा गावांत समावेशानंतरच्या परवानग्या महापालिकेच्या बांधकाम विभागाच्या. २०२१ च्या तेवीस गावांत मात्र गुंतागुंत झाली. गावे महापालिकेत आली, पण नियोजन प्राधिकरण म्हणून शासनाने पीएमआरडीएलाच ठेवले. म्हणजे नकाशा मंजूर करणारा आणि विकास शुल्क घेणारा एक, तर पाणी, ड्रेनेज आणि कचरा पाहणारा दुसरा. ‘आमच्याकडे नाही, तिकडे जा’ हे उत्तर या भागात इतक्या वेळा मिळते त्याचे मूळ इथे आहे. तेव्हा पहिल्याच पत्रात परवानगीचा क्रमांक, तारीख आणि ती देणारे कार्यालय लिहा, म्हणजे टोलवाटोलवीला जागा उरत नाही.

पुढची कागदपत्रे एका फाइलमध्ये लावा:

- बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि त्यामागच्या पानावरच्या अटी. नेमके हेच मागचे पान झेरॉक्समध्ये गळते.
- भोगवटा पत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी). इमारतनिहाय असेल तर प्रत्येक इमारतीचे.
- बिल्डरने प्राधिकरणाला दिलेले पाण्याचे हमीपत्र.
- बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीचे पत्र. त्यात रोज किती पाणी लागेल, ते कुठून येईल आणि सांडपाण्यावरील प्रक्रियेनंतर किती परत वापरायचे याचा तक्ता असतो.
- सदनिकेचा नोंदणीकृत करारनामा. त्यातले पाण्याबद्दलचे कलम अधोरेखित करून ठेवा.

यातले बरेच काही फुकट आणि घरबसल्या मिळते. प्रकल्प महारेरात (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात) नोंदलेला असेल तर मंजूर नकाशे आणि प्रारंभ प्रमाणपत्र तिथल्या संकेतस्थळावर चढवलेले असते. पर्यावरण मंजुरी केंद्राच्या परिवेश पोर्टलवर शोधा. हमीपत्र मात्र सहसा कुठेच चढवलेले नसते, त्यासाठी माहिती अधिकार वापरावा लागतो.

अर्ज ‘जोडपत्र अ’ नमुन्यात, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत लागतो. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले की अर्ज तिथेच फसतो. प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक देऊन ‘या परवानगीच्या नस्तीतील पाणीपुरवठ्याविषयीचे हमीपत्र, प्रतिज्ञापत्र आणि पाणीपुरवठा विभागाचा अभिप्राय यांच्या प्रती’ एवढेच मागा. जोडीला ‘नस्तीची प्रत्यक्ष पाहणी’ हेही लिहा, कारण नेमके पान कोणते हवे ते फाइल हातात घेतल्याशिवाय कळत नाही. उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील करा. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासननिर्णयही नोव्हेंबर २०१८ मध्ये निघाला होता. खिडकीवर त्याची आठवण करून द्यायला हरकत नाही, पण अर्ज मागे ठेवू नका.

पाण्याचा हिशेब

‘आम्हाला पाणी कमी पडते’ या वाक्यावर कोणताही अभियंता काही करू शकत नाही. त्याला आकडा हवा असतो.

मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांत माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्यातले साधारण ४५ लिटर फ्लशला जातात, म्हणजे पिण्याच्या दर्जाचे पाणी लागते ९० लिटर. सदनिकेमागे पाच माणसे धरण्याची नियोजनातली रीत आहे. २४० सदनिकांची सोसायटी घेऊ:

एकूण गरज: २४० × ५ × १३५ = १,६२,००० लिटर रोज.
फ्लशला एसटीपीचे (सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचे) पाणी वापरले तर: २४० × ५ × ९० = १,०८,००० लिटर.

दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत पहिला आकडा सोळा-सतरा टँकरचा, दुसरा अकराचा. एसटीपी बंद ठेवून वाचवलेली वीज आणि रोजचे पाच टँकर, यांची तुलना सोसायटीच्या खजिनदाराने एकदा कागदावर करावी. हस्तांतरानंतर पहिल्या वर्षातच एसटीपी बंद पडल्याच्या कहाण्या या भागात ढिगाने ऐकायला मिळतात. त्यामागे बहुधा दोनच गोष्टी असतात: ब्लोअरची वीज वाचवण्याचा मोह, किंवा फ्लशची वेगळी लाइन बिल्डरने टाकलेलीच नसणे. दुसरी गोष्ट हस्तांतराआधी तपासा. गच्चीवर फ्लशची टाकी वेगळी आहे का आणि तिची लाइन खरोखर फ्लश टँकपर्यंत जाते का, हे थोडा रंग टाकून अर्ध्या तासात कळते.

अर्जात पूर्ण वस्तीचा आकडा आणि आजच्या प्रत्यक्ष वस्तीचा आकडा, दोन्ही द्या. आज सदनिकेमागे सरासरी साडेतीन माणसे राहत असतील तर गरज १,१३,४०० लिटर होते. फक्त मोठा आकडा दिला तर जागेवर आलेला कनिष्ठ अभियंता रिकाम्या सदनिका मोजतो आणि सगळ्याच अर्जावरचा त्याचा विश्वास उडतो.

आता पाइपचा व्यास. या चुकीचा पत्ता उशिरा लागतो: जोडणी मिळाल्यावर सोसायटी पेढे वाटते आणि महिन्याभरात पुन्हा टँकर सुरू होतो. पाणी एक मीटर प्रतिसेकंद वेगाने वाहते असे धरले तर २५ मिमीच्या जोडणीतून ताशी सुमारे १,७५० लिटर येतात, ५० मिमीतून ७,००० लिटर, ८० मिमीतून १८,००० लिटर आणि १०० मिमीतून २८,००० लिटर. दिवसातून तीन तास पाणी येणार असेल तर ५० मिमीतून मिळतात २१,००० लिटर, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या १,०८,००० लिटरच्या गरजेच्या पाचव्या हिश्श्याइतके. १,०८,००० लिटर तीन तासांत घ्यायचे तर ताशी ३६,००० लिटर हवेत, म्हणजे १०० मिमीची जोडणी आणि बऱ्यापैकी दाब. तेव्हा अर्जात ‘नळजोडणी मिळावी’ असे मोघम लिहू नका. रोजची गरज, पुरवठ्याचे अपेक्षित तास आणि त्यावरून निघणारा व्यास लिहा. एवढा व्यास नाकारला गेला तर नाकारण्याचे कारण लेखी येऊ द्या. पुढच्या पत्राला तेच कामी येते.

जमिनीखालच्या टाकीचेही पाहा. तीन तासांत येणारे सगळे पाणी मावायला हवे. आगीसाठी राखलेली टाकी या हिशेबात धरायची नाही, ती रिकामी करून वापरली तर अग्निशमनाची तपासणी अडते. प्लंबर तिचे आणि पिण्याच्या टाकीचे पाणी जोडून देतात आणि ते कुणाला सांगत नाहीत, म्हणून व्हॉल्व्ह स्वतः पाहून घ्या.

टँकरचे रजिस्टर

टँकर रोज येतात, पण त्यांची नोंद वॉचमनच्या वहीत दोन काड्या एवढीच असते. पुढे बिल्डरकडे पैसे मागताना किंवा महापालिकेला तुटवडा दाखवताना त्या काड्यांचा काही उपयोग होत नाही. रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, लिटर, चलन क्रमांक, पाणी कुठून भरले ते ठिकाण, क्लोरीनचे वाचन आणि सही एवढे रकाने ठेवा. महिन्याअखेर त्याची बेरीज बिलाशी जुळवा आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो समितीच्या ईमेलवर पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा आपोआप राहतो. टँकर ‘दहा हजाराचा’ असतो म्हणजे तेवढे पाणी मिळतेच असे नाही. इनलेटला वॉटर मीटर बसवला की पहिल्याच आठवड्यात फरक दिसतो आणि पुरवठादाराशी बोलणी सोपी होतात.

क्लोरीनच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नका. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावरच गेला आणि रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. पाण्यातला क्लोरीन मोजणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टची बाटली स्वस्तात मिळते. नळीत पाणी घ्या, थेंब टाका आणि पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत पट्टीशी जुळवा. उशीर केला तर वाचन फुगते. टँकरच्या तोंडाशी, खालच्या टाकीत आणि सर्वांत लांबच्या वरच्या मजल्यावरच्या नळाला, अशा तीन ठिकाणी तपासा. शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन दिसायला हवा आणि साथीच्या दिवसांत ०.५.

कमी आला तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. चांगल्या पावडरीचे अडीच ग्रॅम हजार लिटरला, म्हणजे एक लाख लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम, ही सुरुवातीची मात्रा. पावडर टाकीत थेट ओतायची नाही. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचे निवळ पाणी टाकीत सोडा आणि तासाभराने पुन्हा ओटी करा. क्लोरीन दिसलाच नाही तर दोन शक्यता: पाणी गढूळ किंवा घाण आहे, किंवा पावडर मेली आहे. उघड्या पिशवीतली पावडर पावसाळ्यात फार लवकर निकामी होते. आणि क्लोरीन दिसला म्हणजे सगळे आलबेल असेही नाही. तीन महिन्यांतून एकदा निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय शून्य हवा.

बिल्डर: पकड केव्हा सुटते

महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत पुरेसे पाणी स्वखर्चाने देईन, अशा आशयाचे हमीपत्र घेऊन परवानगी देण्याची पद्धत या पट्ट्यात रूढ आहे. रेरा कायद्याचे कलम ११(४)(ड) सांगते की सोसायटी देखभाल ताब्यात घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा पुरवणे ही प्रवर्तकाची जबाबदारी आहे, पण तेच कलम त्याला वाजवी शुल्क घेऊ देते. म्हणून नुसता रेरा पुढे केला की बिल्डरचा वकील करारनामा काढतो: ‘टँकरचा खर्च सदनिकाधारकांचा, इथे सही आहे.’ यावर उतारा म्हणजे हमीपत्रातला ‘स्वखर्चाने’ हा शब्द. तो शब्द तुमच्या हमीपत्रात आहे की नाही, हे लढाई सुरू करण्याआधी पाहा. नसेल तर खर्चवसुलीचा दावा कमकुवत आहे हे मान्य करून ताकद महापालिकेच्या बाजूला लावा.

हमीपत्र दिलेले असते प्राधिकरणाला, तुम्हाला नाही. त्यामुळे ते अमलात आणा, अशी मागणी प्राधिकरणाकडे करायची. प्रकल्पाचे पुढचे टप्पे बाकी असतील, शेवटच्या इमारतीचे भोगवटा पत्र व्हायचे असेल, तर हीच वेळ. ‘हमीपत्रातील अट पाळली जात नसल्याने उर्वरित इमारतींच्या भोगवटा पत्राआधी पाण्याच्या व्यवस्थेची जागेवर पाहणी करावी’ असे पत्र रजिस्टरच्या सहा महिन्यांच्या बेरजेसह द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. शेवटचे भोगवटा पत्र बिल्डरच्या हातात पडले की त्याला तुमचा फोन उचलायचे कारण उरत नाही.

हस्तांतराच्या वेळी ‘सर्व सुविधा मिळाल्या, तक्रार नाही’ असे छापील पत्र सहीला येते. समितीच्या दोन-तीन जणांना चहाला बोलावून ही सही घेतली जाते. विशेष सर्वसाधारण सभेत आधीच ठराव करा की पाणी, एसटीपी, पर्जन्यजल संधारण आणि टाक्या यांची संयुक्त पाहणी झाल्याशिवाय कोणतेही पत्र द्यायचे नाही. ताबा घ्यावाच लागला तर पत्रावर ‘पाणीपुरवठ्याविषयीचे हक्क राखून’ हे शब्द हाताने लिहा आणि त्याखाली सही करा.

महारेरातल्या तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये आहे. ग्राहक आयोगात जायचे तर दोन वर्षांची मुदत सांभाळा. कुठे जायचे हे वकिलाने ठरवावे, पण वकिलाकडे जाताना वरची फाइल तयार असली की पहिल्या दोन बैठकांचे पैसे वाचतात.

महापालिका: अर्ज, अंदाजपत्रक आणि मधली अडगळ

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पाणीपुरवठा हे बंधनकारक कर्तव्य आहे. ते पत्रात लिहायला ठीक, पण कर्तव्याने पाइप येत नाही. आधी तुमच्या रस्त्याची अवस्था समजून घ्या, कारण त्यावर पुढची वाट ठरते.

रस्त्यात वितरण वाहिनी आहे आणि तीत पाणी येते: थेट जोडणीचा अर्ज करा. भोगवटा पत्र, मिळकतकराची पावती, सोसायटीचा ठराव, पाण्याचा हिशेब, टाकीची क्षमता आणि परवानाधारक प्लंबर एवढे लागते. नळजोडणी ही लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खालची अधिसूचित सेवा आहे, तेव्हा पोचपावतीवर मुदतीची तारीख मागा. मुदत उलटली की त्याच कायद्याखाली अपील करता येते आणि कसूर सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

वाहिनी आहे, पण दाब नाही: पहाटे पाणी सुटण्याच्या वेळी दाबमापक लावून आठवडाभर वाचन घ्या. चावीवाल्याशी बोला. व्हॉल्व्ह किती फेरे उघडतो आणि किती वाजता बंद करतो, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते. वाहिनीवर थेट मोटर लावण्याचा सल्ला शेजारची सोसायटी देईल. तो ऐकू नका. बेकायदा तर आहेच, शिवाय मोटरच्या ओढीने वाहिनीत पोकळी तयार होते आणि गळक्या जोडातून गटाराचे पाणी आत खेचले जाते.

वाहिनीच नाही: खरी दगदग इथे. पाणी तुमच्यापर्यंत येण्याआधी मुख्य वाहिनी, साठवण टाकी आणि वितरण वाहिनी हवी, आणि प्रत्येकीची नस्ती वेगळी. कनिष्ठ अभियंत्याला तीन गोष्टी विचारा: आमचा भाग कोणत्या टाकीवर येणार? ती टाकी कोणत्या जलकेंद्रावरून भरणार? मधले किती मीटर बाकी आहेत? उत्तरे नकाशावर मांडा. मग कळते की अडकले आहे ते पाइपवर नाही, जागेवर. आराखड्यातला रस्ता ताब्यात आलेला नसतो आणि दोन गुंठ्यांच्या तुकड्यासाठी चारशे मीटर वाहिनी थांबलेली असते. अशा वेळी भूसंपादनाची वाट पाहण्यापेक्षा जागामालकाकडून आगाऊ ताबा घेण्याचा प्रस्ताव पथ विभागाकडून हलवणे जलद पडते. टाकीसाठी जागा नाही असे उत्तर आले तर आसपासच्या मोठ्या प्रकल्पांतले सुविधा भूखंड (सार्वजनिक सुविधांसाठी राखलेल्या जागा) शोधा आणि सर्व्हे नंबरसह सुचवा. बाणेर-पाषाण लिंक रोड असो की केशवनगर, एकट्या सोसायटीचे पत्र फाइलला लागते, तर रस्त्यावरच्या दहा-बारा सोसायट्यांचे एकत्रित पत्र, एकत्रित मागणीच्या आकड्यासह, टेबलावर राहते.

पैशाचा प्रवास असा: पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), तांत्रिक मंजुरी, अंदाजपत्रकात तरतूद, निविदा, स्थायी समितीची मान्यता, कार्यादेश. काम एका आर्थिक वर्षात संपणारे नसेल तर कलम ७२ ब खाली मान्यता लागते. ती घेतली आहे का हे विचारणारा नागरिक अधिकाऱ्यांना वेगळाच वाटतो. नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव विभागांत दिवाळीच्या आसपास सुरू होते. मार्चमध्ये दिलेले निवेदन पुढच्या वर्षीच्या खात्यात जाते. म्हणून पूर्वगणनपत्रक सप्टेंबरअखेर तयार व्हावे असा पाठपुरावा ठेवा आणि अंदाजपत्रक छापून आले की आपल्या कामाचे अर्थशीर्षक, सांकेतांक आणि रक्कम शोधून लिहून ठेवा.

तरतूद झाली म्हणजे काम झाले, असे समजू नका. वर्षअखेरीला न खर्चलेली रक्कम वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळते. समाविष्ट गावांतल्या जलवाहिनीच्या तरतुदी या वाटेने जाण्याचा धोका मोठा, कारण तिथे जागेचा घोळ असतो आणि शहरातले काँक्रिटीकरण लगेच संपणारे असते. ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये त्या सांकेतांकावर आजवर किती खर्च झाला, हे माहिती अधिकारात विचारा. प्रश्न विचारला गेला आहे एवढ्यानेही वळवणाऱ्याचा हात जरा थबकतो.

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ ची निवडणूक या काळात महापालिकेवर प्रशासक होता आणि २०२१ च्या तेवीस गावांना तर नगरसेवक कसा असतो हे तोवर ठाऊकच नव्हते. नगरसेवकाकडे जाताना ‘पाणी द्या’ म्हणू नका. सांकेतांक, अडलेले मीटर आणि अडवणारा सर्व्हे नंबर एका पानावर द्या. त्याला स्थायी समितीत किंवा मुख्य सभेत विचारायला नेमके तेच लागते. नागरिकांनी सुचवलेल्या कामांची योजना पुण्यात २००६-०७ पासून आहे, पण तीत एका कामाला पाच लाखांची मर्यादा राहिली आहे. मुख्य वाहिनी त्यात बसणार नाही. शेवटच्या तुकड्यासाठी मात्र अर्ज टाकून ठेवा.

वाट पाहताना दोन कामे होऊ शकतात. मिळकतकराच्या बिलात, जोडणी नसताना पाणीपट्टी लागली असेल तर करआकारणी विभागाकडे लेखी हरकत घ्या. सदनिकाधारक स्वतः राहत असेल तर चाळीस टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरला आहे का तेही बघा, तो राहिलेला घरोघरी सापडतो. बिल थकवून निषेध करू नका, थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते आणि जोडणीच्या अर्जाला थकबाकीचा शेरा लागतो. दुसरे, छतावरचे पाणी. दोन हजार चौरस मीटर छत, ७०० मिमी पाऊस आणि वीस टक्के घट धरली तर वर्षाला ११ लाख २० हजार लिटर, म्हणजे ११२ टँकर. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर ही यंत्रणा बंधनकारक असल्याने ती बिल्डरनेच द्यायची असते. बहुतेक ठिकाणी पाइप असतात, गाळणीचा खड्डा मात्र मातीने भरलेला असतो. मे महिन्यात तो उपसा. यंत्रणा चालू असल्याचे दाखवले तर मिळकतकरात पाच टक्के सवलत मिळते, सौर किंवा गांडूळखत प्रकल्प जोडीला असेल तर दहा.

भोगवटा पत्र नसलेल्या इमारतींची अडचण वेगळी. महापालिका जोडणी नाकारते. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, घर अनधिकृत आहे म्हणून तिथल्या माणसाला पाण्यापासून पूर्ण वंचित ठेवता येत नाही, अशी भूमिका घेतली होती. तो निकाल मुंबईतल्या झोपडपट्ट्यांचा होता आणि कायदेशीर जोडण्यांइतका पुरवठा मिळेल असेही त्यात नाही, तरी ‘काहीच देता येत नाही’ या उत्तराला तो पुरेसा जबाब आहे. निदान महापालिकेच्या टँकरची मागणी त्याच्या आधारे करता येते.

जोडणी मिळते त्या दिवशी

टँकरचा करार लगेच मोडू नका, दोन महिने कमी संख्येवर चालू ठेवा. रस्त्याची खोदाई पावसाळ्याआधी बंद होते, तेव्हा एप्रिलमध्ये मंजूर झालेली जोडणी प्रत्यक्षात दिवाळीत पडू शकते. खड्डा बुजवण्याआधी जोड उघडा असतानाच दाबाखाली तपासून घ्या आणि फोटो काढा. पहिल्या दिवसाचे पाणी वाहू द्या, टाकी धुऊन क्लोरीन मारा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

बोअरची लाइन आणि महापालिकेची लाइन एकाच हेडरला (मुख्य पाइपला) जोडून फक्त व्हॉल्व्हने वेगळ्या केलेल्या असतील तर तो जोड कापून घ्या. व्हॉल्व्ह गळतो. बोअरचे पाणी बागेला आणि गाड्या धुवायला स्वतंत्र पाइपने न्या आणि त्या पाइपला वेगळा रंग द्या. मीटरचे पहिले वाचन महापालिकेच्या माणसासमोर लिहून सही घ्या, नाहीतर पहिले बिल सरासरीवर येते आणि ते दुरुस्त करायला पुन्हा त्याच खिडकीवर चार महिने जातात.